पट्टी कुठे आणि पाणी कुठे

अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाकडून प्रश्नांचा पहिला संच आला, तेव्हा मी महिनाभराच्या रजेवर सांगलीला, गावभागातील आमच्या घरी होते. तिकडच्या एका राज्य विद्यापीठाच्या संशोधन अणुभट्टीवर मी अभियंता होते. त्या भट्टीचे इंधन बदलण्यासाठी आणि त्याबरोबर ती चालविण्याचे नियमही बदलून घेण्यासाठी आम्ही दीड वर्ष खपून तयार केलेला अर्ज मार्चमध्ये आयोगाकडे गेला होता. संचालकांनी मेलने पाठविलेले प्रश्न मी राममंदिर चौकाजवळच्या एका सायबर कॅफेत छापून घेतले आणि पावसात भिजू नयेत म्हणून कॅरीबॅगमध्ये गुंडाळून घरी आणले. सुरक्षा बंदोबस्ताचा आराखडा सोडला, तर असा पत्रव्यवहार सार्वजनिक दप्तरात जातो आणि कोणालाही वाचता येतो, त्यामुळे ते कागद घरी आणण्यात काही गैर नव्हते. प्रश्न तेवीस होते. त्यांतल्या अकराव्या प्रश्नाने माझी उरलेली रजा घेतली, आणि त्याचे उत्तर मला सापडले ते आबांच्या खुर्चीशेजारी बसून. ते कसे, हे सांगण्याआधी भट्टीविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे.

आमची भट्टी ट्रायगा जातीची होती. या जातीची पहिली भट्टी १९५८ मध्ये सॅन डिएगो येथे सुरू झाली आणि पुढे जगभरच्या विद्यापीठांनी तिच्या बहिणी उभ्या केल्या. आमचीची क्षमता १ मेगावॅट, तीही केवळ उष्णतेची. वीज तिच्यातून तयार होत नाही. आपल्याकडच्या कोयना प्रकल्पाची १९६० मेगावॅट क्षमता आठवली, म्हणजे ही भट्टी किती लहान ते कळेल. तिचा उपयोग न्यूट्रॉनसाठी होतो. खडकाच्या नमुन्यातील मूलद्रव्ये ओळखणे, समस्थानिके तयार करणे, विद्यार्थ्यांना भट्टी चालवायला शिकविणे, ही तिची कामे. पाण्याच्या खोल हौदाच्या तळाशी गाभा, म्हणजे इंधनाच्या कांड्यांची मांडणी, असते, आणि भट्टी चालू असताना वरून वाकून पाहिले की तळाशी निळा प्रकाश दिसतो. तो मी हजार वेळा पाहिला असेन, तरी प्रत्येक वेळी क्षणभर बोलणे थांबते.

ट्रायगाचे खरे वैशिष्ट्य तिच्या इंधनात आहे. युरेनियम हे झिर्कोनियम हायड्राइडमध्ये मिसळलेले असते, म्हणजे न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारा हायड्रोजन इंधनाच्याच पोटात असतो. इंधन तापले की तोच हायड्रोजन न्यूट्रॉनांना पुन्हा ऊर्जा देऊ लागतो, वेगवान न्यूट्रॉनांकडून विखंडन, म्हणजे युरेनियमचे अणू फुटणे, कमी होते आणि शक्ती आपोआप खाली येते. हा परिणाम इंधन तापता क्षणी होतो. पाणी तापण्याची किंवा माणसाने बटण दाबण्याची त्याला वाट पाहावी लागत नाही. म्हणूनच वीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या हाती, अर्थात आयोगाची परीक्षा देऊन चालकाचा परवाना मिळविल्यानंतर, ही भट्टी देता येते.

आमच्या गाभ्यात १९७० च्या दशकात बनलेले फ्लिप नावाचे इंधन होते. त्यातील युरेनियमपैकी ७० टक्के युरेनियम-२३५ होते, जे नैसर्गिक युरेनियममध्ये जेमतेम ०.७ टक्का असते. वीस टक्के किंवा त्याहून अधिक प्रमाण असलेले युरेनियम उच्च समृद्ध समजले जाते, कारण ते शस्त्रासाठी वळविता येण्याची भीती असते. विद्यापीठाच्या आवारात, वसतिगृहापासून हाकेच्या अंतरावर असे द्रव्य कायम ठेवावे का, हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेने संशोधन भट्ट्यांना कमी समृद्ध इंधनाकडे नेण्याचा कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू केला आणि १९८६ मध्ये आयोगाने तसा नियमच केला. मात्र सरकारी निधी आणि योग्य इंधन उपलब्ध असेल तरच तो लागू होई. त्यामुळे दरवर्षी मार्चमध्ये 'यंदाही निधी उपलब्ध नाही' असे पत्र पाठविण्याचा परिपाठ पडला होता. मी नोकरीत रुजू झाल्यावर पहिली काही वर्षे ते पत्र माझ्याच हातून गेले, आणि दर वर्षी मला त्याचे वाईट वाटे. अखेर २००५ नंतर निधी आला आणि विद्यापीठांच्या भट्ट्या एकामागून एक बदलू लागल्या. (आपल्या तुर्भ्याची अप्सरा ही संशोधन भट्टीही आधी उच्च समृद्ध इंधनावरच चालत होती; २००९ मध्ये ती थांबविली गेली आणि २०१८ च्या सप्टेंबरात सुरू झालेली नवी अप्सरा कमी समृद्ध इंधनावर चालते. ती बातमी वाचली तेव्हा मला घरचे लग्न झाल्यासारखा आनंद झाला.)

नव्या इंधनात युरेनियम-२३५ चे प्रमाण १९.७५ टक्के, म्हणजे मर्यादेच्या जरासे खाली. प्रमाण घटविल्यावर भट्टी चालावी म्हणून एकूण युरेनियम वाढवावे लागते, त्यामुळे जुन्या कांडीत वजनाने ८.५ टक्के युरेनियम होते तर नव्या कांडीत ३० टक्के. बाहेरून पाहाल तर दोन्ही कांड्या जवळजवळ सारख्याच, साधारण दीड इंच जाडीच्या, स्टेनलेस स्टीलच्या आवरणातल्या. आत मात्र सगळे बदललेले असते, आणि म्हणून नियमही तपासून घ्यावे लागतात.

त्या नियमांना तिकडे टेक्निकल स्पेसिफिकेशन्स म्हणतात. मी त्यांना तांत्रिक अटी म्हणते. त्या परवान्याचाच भाग असतात. भट्टीवरची बरीच दुरुस्ती विद्यापीठ स्वतःच्या सुरक्षा समितीची मान्यता घेऊन करू शकते, परंतु या अटींतला एक शब्दही आयोगाच्या मंजुरीवाचून बदलता येत नाही. त्यात आधी व्याख्या, मग कधीही न ओलांडण्याच्या मर्यादा, मग त्याआधी भट्टी आपोआप थांबविणारे आकडे, मग भट्टी चालविण्याच्या अटी, मग तपासण्या, अशी रचना असते. प्रत्येक शब्दाला नेमका अर्थ दिलेला असतो. वार्षिक तपासणी म्हणजे दोन तपासण्यांत १५ महिन्यांहून अधिक अंतर नको, मासिक म्हणजे सहा आठवड्यांहून अधिक नको, हे व्याख्येत लिहिलेले असते. 'बंद भट्टी' आणि 'कुलूपबंद भट्टी' या दोन वेगळ्या अवस्था असतात, कारण पहिलीत कोणी तरी परवानाधारक समोर हजर असावा लागतो. आपण घरी 'बंद आहे' म्हणतो तेवढ्यावर तेथे भागत नाही. ही भाषा मला सुरुवातीला रुक्ष वाटे. पण रात्रीच्या पाळीवर एकटीने त्या पानावर बोट ठेवून निर्णय घेण्याची वेळ आली, तेव्हा प्रत्येक शब्द कोणी किती विचाराने बसविला आहे ते कळले.

अर्जासाठी आम्ही जुन्या अटी घेऊन ओळीने बसलो. जेथे इंधनाचे नाव, वजन, समृद्धी आली तेथे बदल केला. परवान्यात किती किलो युरेनियम बाळगता येईल ते लिहिलेले असते. जुने इंधन सरकारकडे, आयडाहोला, परत जाईपर्यंत दोन्ही प्रकारचे इंधन आमच्या ताब्यात राहणार होते, म्हणून तेथे तात्पुरती ओळ घातली. सुरक्षा विश्लेषण नव्याने केले. विद्यापीठाच्या समितीने ते दोनदा परत पाठविले, तिसऱ्यांदा संमत केले, आणि संचालकांनी खोट्या विधानाबद्दल शिक्षेची जबाबदारी घेऊन त्यावर सही केली. ही सही मला नेहमीच महत्त्वाची वाटत आली आहे, कारण कागदाखाली एका माणसाचे नाव असते.

आता अकरावा प्रश्न. ट्रायगाच्या स्टील आवरणातील इंधनासाठी कधीही न ओलांडण्याची मर्यादा ११५० अंश सेल्सिअस आहे. त्याहून वर गेल्यास हायड्रोजन इंधनातून सुटू लागतो आणि आतल्या दाबाने आवरण फुटण्याचा धोका असतो. भट्टी त्याच्या निम्म्याहून खालच्याच आकड्यावर आपोआप बंद होते. परंतु हे तापमान मोजायचे कोठे? गाभ्यातील प्रत्येक कांडीत तापमापक नसतो. एक खास मापक कांडी असते, तिच्या पोटात थर्मोकपल नावाचे तीन तापमापक बसविलेले असतात, आणि त्यांच्या तारा एका नळीतून हौदाच्या वर येऊन नियंत्रण कक्षात जातात. आमच्या अटीत लिहिले होते, 'मापक कांडीत मोजलेले तापमान अमुक अंशांहून अधिक झाल्यास भट्टी बंद झाली पाहिजे.' हे वाक्य जुन्या अटींतून जसेच्या तसे आले होते. आम्ही आकडा तपासला होता, वाक्य तपासले नव्हते. आयोगाने विचारले होते की नव्या गाभ्यात सर्वांत जास्त तापणारी कांडी कोणती, मापक कांडी तेथे नसेल तर दोघींच्या तापमानात किती फरक राहील, आणि मापक कांडीवरचा आकडा त्या दुसऱ्या कांडीचे रक्षण कसे करतो?

मला उत्तर येत नव्हते असे नाही. नव्या गाभ्यात सर्वांत तापणारी जागा सरकली आहे, हे माझ्याच गणितात होते. जेथे कंट्रोल रॉड, म्हणजे न्यूट्रॉन शोषून भट्टी आवरणारा दांडा, वर गेल्यावर पाण्याची पोकळी राहते, तिच्या शेजारच्या कांडीत पाण्याने मंद झालेले न्यूट्रॉन जास्त शिरतात आणि तिच्यात विखंडन जास्त होते. मापक कांडी तेथून दोन घरे, म्हणजे कांडी बसविण्याच्या दोन जागा, दूर होती. आमच्या विश्लेषणात ही उष्ण कांडीही सुरक्षित मर्यादेत होती, म्हणून मी निश्चिंत होते. पहिल्या दिवशी मी लिहिलेले उत्तर असे होते की उष्ण कांडीसह साऱ्या कांड्या मर्यादेच्या आत राहतील असे विश्लेषण दाखविते. ते वाचून मलाच अस्वस्थ वाटत राहिले, पण का ते सांगता येईना.

आबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीची बरीच वर्षे कोयनेवर काढलेली. पावसाळा लागला की ते रोज सकाळी जुन्या सहकाऱ्याला फोन करून धरणाचा विसर्ग आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पट्टीवरची पाण्याची पातळी विचारत आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या तारखेच्या चौकोनात बारीक पेन्सिलीने लिहीत. वर क्यूसेक, खाली फूट. त्या आठवड्यात पाणी चढत होते. मी कागद घेऊन समोर बसलेली पाहून त्यांनी विचारले, "काय अडलंय?" मी भट्टी, कांडी, तापमान, सारे मराठीत सांगू लागले. आबांना सांगायचे तर इंग्रजी शब्दांमागे लपता येत नाही, प्रत्येक गोष्टीला सरळ नाव द्यावे लागते.

त्यांनी शांतपणे ऐकून विचारले, "मोजता एका कांडीत, आणि जास्त तापते दुसरी?"

"हो."

"मग हा आकडा तू कुणाचा लिहिलायस? पट्टीचा का पाण्याचा?"

मला लगेच कळले नाही. ते म्हणाले, "आयर्विनला चाळीस फूट म्हणजे इशारा आणि पंचेचाळीस म्हणजे धोका, हे गावात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण सूर्यवंशी प्लॉटातल्या माणसानं चाळीसची वाट बघायची का? त्याच्या दारात तिसालाच पाणी असतं. पट्टी खोटी नाही गं. पट्टीवर तीस म्हणजे कुठल्या दारात किती, हे ज्यानं आधी मोजून ठेवलंय त्यालाच ती पट्टी उपयोगाची. आणि नदीनं पात्र बदललं, कुठं भराव पडला, तर ते परत मोजायला लागतं."

माझ्या अस्वस्थतेचे कारण ते होते. आमचे विश्लेषण म्हणत होते की आज आखलेल्या गाभ्यात सगळे ठीक आहे. अट मात्र आजच्या गाभ्यापुरती नसते. ती पुढची वीस वर्षे राहणार असते, आणि त्या वीस वर्षांत कोणी तरी कांड्यांची मांडणी बदलेल, मापक कांडी दुसऱ्या घरात बसवील, आणि समोरच्या विद्यार्थ्याला फक्त एक आकडा दिसेल. जुन्या गाभ्यात मापक कांडी योगायोगाने सर्वांत उष्ण जागेच्या लगत होती, म्हणून ते वाक्य इतकी वर्षे निभावून गेले. वाक्यात जागेचा उल्लेखच नव्हता आणि तो नाही हे कोणाच्या लक्षात आले नव्हते, माझ्याही नाही.

त्या रात्री मी पहिले उत्तर फाडून टाकले आणि संचालकांना लिहिले की हा प्रश्न खुलाशाने सुटणार नाही, अट बदलावी लागेल. त्यांना ते आवडले नाही, कारण अट बदलायची म्हणजे समितीपुढे पुन्हा जायचे, आणि मुदत ठरलेली होती. फोनवर आमचे तासभर बोलणे झाले. शेवटी ते म्हणाले, "सही माझी आहे, तेव्हा मला खात्री वाटेपर्यंत थांबू." आयोगाकडून मुदत वाढवून घेतली. परत गेल्यावर आम्ही मापक कांडी ज्या ज्या घरात बसविता येईल त्या प्रत्येक घरासाठी, पूर्ण शक्तीवर तिचे तापमान आणि सर्वांत उष्ण कांडीचे तापमान यांचे गुणोत्तर काढले; मोजणीतील चूक धरून किती अंतर ठेवावे ते ठरविले; आणि अट नव्याने लिहिली. ती आता असे म्हणते की मापक कांडी फक्त या या घरांत बसवावी, तीनपैकी किमान एक थर्मोकपल चालू असेल तरच भट्टी चालवावी, आणि गाभ्याची मांडणी बदलण्यापूर्वी हे गुणोत्तर पुन्हा काढून समितीपुढे ठेवावे. अटीच्या खाली, तिचा आधार सांगणाऱ्या परिच्छेदात, मी एक वाक्य मुद्दाम घातले की मोजलेले तापमान आणि सर्वांत जास्त तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समितीतल्या एका प्राध्यापकांना ते अनावश्यक वाटले. मी ते राहू दिले.

उरलेल्या बावीस प्रश्नांविषयी सांगण्यासारखे फार नाही. बहुतेक आकड्यांची फोड मागणारे होते. प्रश्नांचा दुसरा संच लहान होता. त्यानंतर आयोगाने सुरक्षा मूल्यमापन प्रसिद्ध केले आणि इंधन बदलण्याचा आदेश काढला. असा आदेश फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून २० दिवसांनी किंवा पुरेसे नवे इंधन हाती आल्यावर, यांतील नंतरच्या दिवशी लागू होतो. आमचे इंधन फ्रान्समधील कारखान्यातून येत होते, त्यामुळे आम्ही आदेश हातात घेऊन इंधनाची वाट पाहत बसलो.

ते आल्यावर प्रत्येक कांडी भिंगाखाली पाहून, लांबी आणि वाक मोजून नोंदवहीत लिहिली. पुढे सेवेत असताना कांडी मूळ लांबीपेक्षा सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास वाढली, किंवा दीड मिलिमीटरहून थोडी अधिक वाकली, तर ती काढून टाकावी लागते. ती वाढ मोजायची तर पहिल्या दिवसाचे माप अचूक हवे. मग भरणी. काही कांड्या घालायच्या, थांबायचे, न्यूट्रॉन मोजायचे, मोजणीच्या व्यस्ताचा बिंदू आलेखावर टाकायचा, आणि बिंदूंची रेषा शून्याकडे कोठे पोचते ते पाहून पुढच्या कांड्या ठरवायच्या. पदवीच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी पेन्सिल धरून आलेख काढीत होती आणि प्रत्येक बिंदू टाकण्यापूर्वी आकडा मोठ्याने दोनदा वाचीत होती. तिसऱ्या दिवशी, दुपारी, भट्टी क्रांतिक झाली, म्हणजे विखंडनाची साखळी स्वतःच्या बळावर चालू राहिली. गणिताच्या अंदाजाहून एक कांडी कमी लागली. त्या संध्याकाळी आम्ही सर्वांत प्रभावी कंट्रोल रॉड पूर्ण बाहेर अडकला आहे असे धरूनही बाकीचे रॉड भट्टी बंद ठेवू शकतात, हे मोजून पाहिले. अटीत सांगितलेल्या किमान अर्ध्या डॉलरपेक्षा अंतर बरेच जास्त निघाले. (या क्षेत्रात विक्रियाशीलतेच्या एककालाही डॉलर म्हणतात, पैशाशी त्याचा संबंध नाही.) पूर्ण शक्तीवर गेल्यावर मापक कांडीचा आकडा आमच्या गणिताशी जुळला, तेव्हा मी तो आकडा आणि शेजारी उष्ण कांडीचा काढलेला आकडा, असे दोन्ही फळ्यावर लिहिले. ती जोडी पुढे नियंत्रण कक्षात कायम झाली.

जुने इंधन थंड होऊन, मोठ्या पिंपांतून आयडाहोला रवाना होण्यास आणखी बराच काळ गेला. ते गेल्यावर एकच काम उरले होते. उच्च समृद्ध इंधन बाळगण्याची परवान्यातील तात्पुरती ओळ काढून टाकायची. त्यासाठीचा अर्ज दीड पानाचा झाला. मी तेव्हा पुन्हा रजेवर सांगलीला होते. पाऊस नव्हता, कॅलेंडरचे चौकोन रिकामे होते. आबांना मी तो मराठीत वाचून दाखविला की जुने इंधन आमच्या ताब्यात राहिलेले नाही, सबब ती ओळ वगळावी.

"नाही, हे कशावरून?" त्यांनी विचारले. "तू सांगतेस म्हणून? तिकडं पोचल्यावर कुणी मोजून घेतलं असेल ना?"

पोचविणारा आणि घेणारा अशा दोघांच्या नोंदीचा ७४१ क्रमांकाचा फॉर्म आमच्याकडे होताच. मी संचालकांना मेल करून तो अर्जाला जोडायला सांगितला आणि पत्रातले वाक्य बदलले. आता त्यात इंधन नाही असे न म्हणता, किती ग्रॅम कोणत्या तारखेला कोणी मोजून घेतले, ते लिहिले आहे.